डोक्याचं माप आधी, वाऱ्याचा हिशोब नंतर

 

आजचा विषय ऐकून काहीजणी हसणार, हे आम्हाला माहीत आहे. विषय आहे सायकलचं हेल्मेट. तेही साधं नव्हे, वारा कापत जाणारं, शर्यतीचं. तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि याचा काय संबंध? संबंध असा, की आमच्या एका गटाच्या बैठकीत याच वस्तूसाठी कर्जाची मागणी आली. पैसा गटाचा आणि डोकं आपल्या लेकीचं, म्हणून आम्ही नीट माहिती काढली. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. उद्या तुमच्याही गटात एखादी लेक असा कागद घेऊन येईल, तेव्हा तुम्हाला चार प्रश्न विचारता यावेत, एवढाच हेतू.

लोणावळ्याच्या आसपास राहणाऱ्यांना सायकलवाले नवे नाहीत. रविवारी पहाटे जुन्या हायवेवर पुण्याकडून, मुंबईकडून रांगाच्या रांगा येतात. पवनानगरच्या रस्त्याला, तिकोना-लोहगडाच्या बाजूला दिसतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. आणि जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तिचा एक टप्पा मुळशी-मावळातून गेला. पोरं शाळेच्या भिंतीवर चढून बघत होती. तेव्हापासून घराघरांत सायकलचं बोलणं वाढलं आहे.

आता ट्रायथलॉन म्हणजे काय, ते दोन वाक्यांत. एकाच दिवशी, मध्ये न थांबता, आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं. गोव्याला पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. तिच्यात समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं असतं. सगळं मिळून ११३ किलोमीटर. कोल्हापूर, पुणे, मुंबईकडची पुष्कळ मंडळी तिकडे जातात, त्यांत बायकाही असतात.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी याच स्पर्धेची तयारी करतेय. पहाटे चारला उठते, सायकलचा सराव करून येते आणि मग कामावर जाते. सायकल तिने स्वतःच्या पगारातून घेतली. आता तिला हवं होतं ‘एरो हेल्मेट’. दुकानातून लिहून आणलेली किंमत होती बावीस हजार. ताईंनी बैठकीत कागद ठेवला आणि गप्प बसल्या. मुलगी मात्र ठाम होती. ती म्हणाली, “शर्यतीत पुढच्या सगळ्यांच्या डोक्यावर हेच असतं. मी मेहनतीत कमी नाही, मग सामानात का कमी पडू?”

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्या मुली सामानापायी मागे राहतात, हे आपण पाहिलेलं आहे. पण बैठकीत एका आजींनी विचारलं, “बाई, पडलीस तर डोकं वाचवतं का हे?” या एका प्रश्नावरून आमची सगळी चौकशी सुरू झाली.

तर आधी ते बघू. हेल्मेट डोकं वाचवतं कसं?

नवीन टीव्हीच्या खोक्यात पांढरा थर्माकोल येतो ना, सायकलच्या हेल्मेटात तोच, पण जास्त घट्ट बसवलेला असतो. वरून प्लास्टिकचं पातळ कवच. डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा हा थर्माकोल चेपतो. त्या चेपण्यात धक्क्याचा जोर खर्च होतो आणि कवटीपर्यंत कमी पोचतो. म्हणजे हेल्मेट स्वतः मोडून आपल्याला वाचवतं. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं, वरून कितीही चांगलं दिसलं तरी. आतला थर्माकोल एकदा चेपला की परत फुगत नाही.

याच कारणाने दुसऱ्याचं वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नये. ते कधी पडलं, कुठे आपटलं, उन्हात गाडीच्या काचेमागे किती दिवस तापलं, काहीच कळत नाही. आमच्यात एक सूचना अशीही आली होती, की गटाने एकच महागडं हेल्मेट घ्यावं आणि ज्या मुलीची शर्यत असेल तिने ते न्यावं, मसाला कांडपाचं यंत्र फिरवतो तसं. सूचना काटकसरीची होती, पण ती सोडून द्यावी लागली. यंत्र कुणाच्याही हाताला चालतं. हेल्मेट एकाच डोक्याला नीट बसतं, आणि त्याचा इतिहास त्या डोक्यालाच माहीत असतो.

आता शिक्का. स्कूटर-मोटारसायकलच्या हेल्मेटवर आपण आयएसआय शिक्का बघतो, त्याचा नंबर आयएस ४१५१. सायकलच्या हेल्मेटची तपासणी वेगळी असते. बाहेरून येणाऱ्या सायकल हेल्मेटच्या आत चिकटवलेल्या कागदावर युरोपचा ‘ईएन १०७८’ किंवा अमेरिकेचा ‘सीपीएससी’ असं लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या तपासणीत डोक्याच्या साच्यावर हेल्मेट बसवून ते सुमारे दोन मीटर उंचीवरून लोखंडी पाटावर आपटतात आणि आतल्या साच्याला किती धक्का बसला ते मोजतात. ट्रायथलॉनला प्रमाणित हेल्मेटच चालतं. म्हणून दुकानात पहिलं काम हे: हेल्मेट उलटं करायचं आणि आतला कागद वाचायचा. कागदच नसेल, तर किंमत विचारायचीही गरज नाही.

आणि हे ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी, कानाला खडा लावून: सायकलचं हेल्मेट स्कूटरला चालत नाही. ते हलकं असतं, सायकलच्या वेगासाठी बनवलेलं असतं. मुलगी स्पर्धेहून आल्यावर तेच डोक्यावर घालून स्कूटरवरून कामशेतला निघाली, तर तिला थांबवा.

इतकं कळल्यावर आजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. प्रमाणित असेल तर वाऱ्याचं हेल्मेटही डोकं वाचवतं आणि दोन-तीन हजारांचं साधं हेल्मेटही. शिक्का दोघांवर एकच असतो. वरचे पैसे आपण मोजतो ते वाऱ्यासाठी. मग पुढचा प्रश्न आला: वाऱ्याचं एवढं काय?

लोणावळ्याच्या माणसाला वारा समजावून सांगायला नको. कामशेतला त्याच वाऱ्यावर छत्र्या लावून माणसं उडतात. जुलैत पवनेच्या बाजूने चालताना छत्री उलटी होते. पण वारा पडलेला असतानाही सायकलवाल्याला स्वतःचा वारा लागतो, कारण तो स्वतःच हवेत घुसत असतो. सायकलचा वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो ढकलायला आठपट ताकद लागते. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने जाताना पायांतल्या ताकदीचा तीन-चतुर्थांश भाग नुसता हवा ढकलण्यात जातो. तीच मुलगी घाट चढताना ताशी सात-आठने जात असेल, तर हवा जवळजवळ काहीच अडवत नाही. तिथे लढाई चढाशी असते. म्हणून घाटाच्या राजाला हलकं, भोकांभोकांचं, हवा खेळणारं हेल्मेट बरं. वारा कापणाऱ्या हेल्मेटचं काम सपाट रस्त्यावर आणि वेगात.

हवा नुसती समोरून ढकलत नाही, मागूनही ओढते. धुळीच्या रस्त्यावरून एसटी गेली की तिच्या मागे धूळ गोल गोल फिरत गाडीच्याच मागे ओढली जाते, बघितलंय ना? सपाट पाठीच्या वस्तूमागे अशी पोकळी तयार होते आणि ती वस्तूला मागे खेचते. मासा बघा, तोंडाकडे गोल आणि शेपटीकडे निमुळता. त्याच्यामागे पाणी हळूच मिटतं, भोवरे कमी होतात. शर्यतीचं हेल्मेट याच आकाराचं करतात. पुढे गुळगुळीत, भोकं कमी, मागे निमुळती शेपटी, कधी कानांवर झाकण आणि डोळ्यांवर काच.

या हेल्मेटांची गोष्ट सांगताना सगळे १९८९ सालच्या टूर द फ्रान्सचं नाव काढतात. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसला साडेचोवीस किलोमीटरची एकट्याने धावायची फेरी होती. फ्रान्सचा लोराँ फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे होता. तो उघड्या डोक्याने निघाला, मागे केसांची शेपटी उडत होती. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हात पुढे ठेवायचं नवीन हँडल आणि निमुळतं हेल्मेट वापरलं. तीन हजारांहून जास्त किलोमीटरची ती शर्यत लेमाँडने आठ सेकंदांनी जिंकली. आता ते आठ सेकंद हँडलचे, हेल्मेटचे की पायांचे, हे वेगळं काढून कुणी सांगू शकत नाही. पण त्या दिवसापासून सगळ्या जगाला वाऱ्याचा हिशोब कळला.

याच गोष्टीची दुसरी बाजू दुकानदार सांगत नाही. त्या काळातली बरीच शर्यतीची हेल्मेटं नुसती पातळ टरफलं होती, वारा कापायची, डोकं वाचवायची नव्हे. मोठ्या शर्यतीत हेल्मेट सक्तीचं झालं ते २००३ साली. त्या वर्षी मार्चमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव हा नामवंत सायकलपटू पॅरिस-नीस शर्यतीत पडला, डोक्याला मार लागून गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यानंतर नियम आला. म्हणजे वाऱ्याचा विचार माणसाने आधी केला आणि डोक्याचा नंतर. आपण हा क्रम उलटा ठेवूया.

बरं, वेळ किती वाचतो? हा प्रश्न आम्ही त्या मुलीलाच वहीवर सोडवायला लावला. ती ताशी सत्तावीस-अठ्ठावीसच्या वेगाने जाते. ९० किलोमीटरला साधारण सव्वातीन तास. नवीन हेल्मेटमुळे हवेचा अडथळा शेकडा अडीचने कमी झाला असं धरलं, तर सगळ्या सायकलीच्या टप्प्यात सुमारे दीड मिनिट वाचतं. दीड मिनिट! काहीजणींनी नाक मुरडलं. पण मुलगी म्हणाली, “शर्यतीत दीड मिनिटात दहा जणी पुढे जातात.” तेही खरं.

मग आम्ही त्याच वहीत शेजारी दुसरा रकाना काढला. पंक्चर झालं आणि ट्यूब बदलायला हात बसलेला नसेल तर किती वेळ जातो? पंधरा मिनिटं. पाणी आणि खाणं वेळेवर घेतलं नाही आणि पळताना पाय गळाले तर? अर्धा तास. हँडलवर अंग खाली वाकवून टिकून राहता आलं नाही, दर पाच मिनिटांनी उठून बसावं लागलं तर? तिथे हेल्मेटचा सगळा फायदा धुऊन निघतो, कारण वाऱ्यासमोर डोक्यापेक्षा धड मोठं असतं. हा रकाना तिने स्वतःच भरला, आम्ही फक्त विचारत गेलो.

आता येऊ निवडीकडे. ही हेल्मेटं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात.

पहिलं साधं रस्त्याचं हेल्मेट. भरपूर भोकं, हलकं, डोकं थंड राहतं. रोजच्या सरावाला हेच.

तिसरं टोक म्हणजे लांब शेपटीचं टाइम ट्रायलचं. पंधरा-वीस हजारांपासून पुढे. एकट्याने, सरळ रस्त्यावर, वेगात जाणाऱ्यासाठी.

आणि मधलं, त्याला एरो रोड म्हणतात. गुळगुळीत, भोकं मोजकी, शेपूट आखूड किंवा नाहीच, कान मोकळे. हे सात-आठ हजारांपासून मिळतं.

लांब शेपटीच्या हेल्मेटबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे भातलावणीला बाया इरलं घालायच्या, आठवतंय? वाकून लावणी करताना इरलं पाठीवर कसं चपखल बसायचं. एक थेंब आत येत नसे. पण बांधावरून ताठ चालायला लागलं की तेच इरलं वारा धरायचं आणि बाईला मागे ढकलायचं. इरलं वाईट नव्हतं, ते वाकलेल्या पाठीसाठी बनवलेलं होतं. लांब शेपटीचं हेल्मेटही एकाच ठेवणीसाठी बनवलेलं असतं. अंग वाकलेलं, मान उचललेली, नजर समोर, म्हणजे शेपूट पाठीला टेकते आणि वारा डोक्यावरून पाठीवर सरळ निघून जातो. पण माणूस दमला की मान खाली जाते. मान खाली गेली की शेपूट वर आकाशाकडे उभी राहते, वारा धरते, आणि फायद्याचा तोटा होतो. बाजूने वारा आला तर तीच शेपूट मान ओढते. ९० किलोमीटर मान एका जागी ठेवणं नवख्या मुलीला जमतं का? म्हणून बऱ्याच जणांना आखूड शेपटीचं बरं पडतं. मान इकडेतिकडे झाली तरी फार बिघडत नाही.

दुसरी गोष्ट उकाड्याची. गोव्याचा ऑक्टोबर-नोव्हेंबर तुम्हाला ठाऊक आहे, घाम वाळतच नाही. बंद हेल्मेटात डोकं तापतं, आणि तापलेलं डोकं पुढच्या एकवीस किलोमीटरच्या पळण्यात वसुली करतं. सायकलवर वाचवलेलं दीड मिनिट पळताना दहा मिनिटांनी फेडायचं, हा व्यवहार आपल्या गटात कुणी मंजूर करेल का? म्हणून गरम हवेच्या शर्यतीला पुढून हवा आत येईल आणि मागून बाहेर जाईल अशी निदान चार-पाच भोकं असलेलंच बघावं.

तिसरी गोष्ट नियमांची. गोव्यासारख्या स्पर्धेत दुसऱ्या सायकलच्या मागे चिकटून वारा चुकवायला बंदी असते, बारा मीटर अंतर ठेवावं लागतं. म्हणून तिथे प्रत्येकीला आपला वारा आपणच फोडावा लागतो आणि अशा हेल्मेटला अर्थ येतो. घोळक्याने जायच्या शर्यती वेगळ्या. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०२६ पासून घोळक्याच्या शर्यतीत टाइम ट्रायलची हेल्मेटं बंद केली आहेत. म्हणजे मुलीला पुढे रस्त्यावरच्या सायकल शर्यतीही करायच्या असतील, तर ते बावीस हजारांचं हेल्मेट तिथे उपयोगाचं नाही. मधलं मात्र दोन्हीकडे चालण्यासारखं असतं.

आणखी एक नियम पाठ करून ठेवण्यासारखा. पोहून आल्यावर सायकलला हात लावण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि बक्कल लागलेलं पाहिजे. सायकल परत जागेवर लावेपर्यंत ते काढायचं नाही. नाहीतर दंड, नाहीतर बाद. आता विचार करा, समुद्रातून आलेली मुलगी, केस ओले, हात थरथरतायत, आणि कानांवर घट्ट झाकण असलेलं हेल्मेट ओल्या कानांवरून ओढायचंय. दीड मिनिटातलं अर्धं तिथेच गेलं! म्हणून दुकानात घालून बघताना ओल्या हातांनी, घाईत, तीनदा घालून-काढून बघायचं. दुकानदार हसला तर हसू द्या.

आता माप. हे काम आपलं आहे, मैत्रिणींनो, कारण ब्लाउज शिवणाऱ्या बाईइतकं माप कुणाला कळतं? शिवणाची टेप घ्यायची. भुवयांच्या वर एक इंच आणि मागे डोक्याचा जो सगळ्यांत फुगीर भाग, तिथून गोल फिरवायची. सेंटीमीटरमध्ये लिहायचं. छप्पन आलं, तर एका कंपनीचं लहान बसतं आणि दुसरीचं मध्यम, म्हणून प्रत्येक कंपनीचा मापाचा तक्ता बघायचा. शिवाय डोकी दोन तऱ्हेची असतात, कुणाचं गोल, कुणाचं लांबट. माप बरोबर असूनही कपाळाला टोचतं किंवा कानाशी सैल राहतं, ते यामुळे. तिथे आतली गादी बदलून भागत नाही, दुसरी कंपनी बघावी लागते.

घालून बघताना केस शर्यतीच्या दिवशी जसे बांधणार तसेच बांधायचे. वेणी खाली, मानेशी. अंबाडा, वर बांधलेली पोनी, मोठा चाप, आकडे हे चालत नाहीत. हेल्मेट मागून उचललं जातं, आणि पडल्यावर आकडा आत घुसतो. कानातले काढायचे. डोक्याला पातळ रुमाल बांधायची सवय असेल, तर तो बांधूनच माप घ्यायचं.

मग पाच खुणा तपासायच्या. एक, हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून वर नाही. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट म्हणजे पदर खांद्यावर आणि डोकं उन्हात. दोन, बक्कल न लावता मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर घरंगळता कामा नये. तीन, दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या खाली येऊन मिळाले पाहिजेत. चार, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. तोंड मोठं उघडलं की हेल्मेट वरून दाबल्यासारखं वाटलं पाहिजे. पाच, आणि शर्यतीच्या हेल्मेटसाठी ही सगळ्यांत मोठी, सायकलवर बसून, हँडलवर वाकून बघायचं. समोरचा रस्ता दिसतो का? कड किंवा काच डोळ्यांच्या आड येते का? बाजूने एखादीने मोबाइलवर फोटो काढायचा. शेपूट पाठीला लागून आहे की वर उभी राहिली, ते फोटोत लगेच कळतं. आरशासमोर उभं राहून हे कधीच कळत नाही.

काचेबद्दल एवढंच: आपल्याकडच्या धुक्यात आणि पावसात ती आतून घामेजते. काढता येणारी असेल तरच घ्यावी.

सरावाचंही बोललं पाहिजे. जुन्या हायवेवर ट्रकच्या गर्दीत कान झाकणारं हेल्मेट रोज घालू नये. मागचा हॉर्न आधी ऐकू आला पाहिजे. रोज साधं हेल्मेट, आणि शर्यतीआधीच्या महिन्यात मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा शर्यतीचं घालून मान तयार करायची. घरी आल्यावर ओल्या फडक्याने आणि साध्या साबणाने पुसायचं. थिनर, पेट्रोल, रंग काहीही लावायचं नाही, थर्माकोल विरघळतो. पावसाळ्यात आतल्या गाद्या काढून सावलीत वाळवायच्या, नाहीतर आपल्या हवेत दोन दिवसांत वास मारतो.

आता आमच्या गटाने काय ठरवलं ते सांगतो. पंचसूत्रीप्रमाणे नियमित बचत आणि परतफेड असलेल्या ताई त्या, कर्ज नाकारायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न रकमेचा होता. मुलीने स्वतः तीन दुकानं फिरून, आई आणि टेप बरोबर नेऊन, मधल्या प्रकारातलं, आखूड, प्रमाणित हेल्मेट निवडलं. बक्कल ओल्या हाताने एका झटक्यात लागतं. किंमत नऊ हजार. गटाने नऊ हजार मंजूर केले, शेकडा एक रुपया व्याजाने, दहा हप्ते. पहिल्या महिन्याला नऊशे मुद्दल आणि नव्वद व्याज, पुढे व्याज उतरत जाईल. उरलेले तेरा हजार कुणी वाचवले असं आम्ही म्हणत नाही. त्यातले काही तिला गोव्याला दोन दिवस आधी पोचायला, राहायला आणि दोन चांगल्या टायरना लागतील, आणि त्यासाठी पुढच्या बैठकीत ती पुन्हा अर्ज करणार आहे. एका ताईंनी तेव्हाही बावीसच का देऊ नयेत म्हणून आग्रह धरला होता. त्यांचं मत इतिवृत्तात लिहिलेलं आहे. लेकीच्या बाजूने कुणीतरी असं भांडलं, हेही लिहून ठेवण्यासारखंच.

जाता जाता वहीत चार ओळी लिहून घ्या. आतला प्रमाणपत्राचा कागद बघितल्याशिवाय हेल्मेट घ्यायचं नाही. टेप लावल्याशिवाय माप ठरवायचं नाही. सायकलवर वाकून बघितल्याशिवाय शेपूट निवडायची नाही. आणि शर्यत कुठली, हवा कशी, रस्ता सपाट की चढाचा, हे विचारल्याशिवाय किंमत ठरवायची नाही.

आणि मैत्रिणींनो, आज संध्याकाळी घरातली स्कूटरची हेल्मेटंही एकदा उलटी करून बघा. शिक्का आहे का, पट्टा धड आहे का, बक्कल लागतं का. शर्यत गोव्याला असते, पण बाजाराला आपण रोज जातो.

नमस्कार.